पुढचा डावा शॉकॲब्झॉर्बर अखेर सुईला दाद देऊ लागला

माझ्या जुन्या मॉडेल ए फोर्ड मोटारीच्या चार हूडेल शॉकॲब्झॉर्बरांपैकी तीन मागच्या नोंदीपर्यंत जुळून आले होते. यांच्या तेलभरल्या बॉडीत दांड्याबरोबर एक पाते स्थिर भिंतींच्या मध्ये फिरते, आणि तेल ज्या वाटेने पलीकडे जाते ती वाट सुईसारखी झडप आवळून अरुंद करता येते. पुढचा डावा मात्र सुई कितीही आवळली तरी सैलच राहत होता. त्याचे मूळ आता सापडले आहे.

चाचणीची रीत पूर्वीचीच ठेवली. बॉडी व्हाइसमध्ये पकडून, आडव्या दांड्याच्या टोकाला 5 किलोचे वजन लावून तो ठरावीक कोनातून खाली यायला किती वेळ घेतो, हे मोजायचे. दांडा खाली जातो तेव्हा गाडीवर चाक खाली जात असते, आणि जास्त विरोध याच दिशेला हवा. उजवा शॉकॲब्झॉर्बर उघड्या सुईला सुमारे 8 सेकंद घेतो आणि सुई बंद केल्यावर अर्ध्या मिनिटाच्या पुढे जातो. डावा मात्र उघड्या सुईला 3 आणि बंद सुईला जेमतेम 4 सेकंद घेत होता.

आत हवा असती, तर दिशा बदलताना दांडा थोडा मोकळा फिरून मग अडला असता. येथे विरोध कमी असला तरी सुरुवातीपासून सलग होता. तेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या एकेरी झडपांच्या बैठकाही स्वच्छ निघाल्या. मग झाकण उघडून स्थिर भिंतीवर सरळ पट्टी आडवी ठेवली, तेव्हा फिरत्या पात्याच्या माथ्यावर फट मोजण्याच्या फीलर गेजची 0.12 मिलिमीटरची पाती सहज सरकली. भिंतीचा माथा झाकणाच्या दाबाने चकाकत होता, तर पात्याच्या माथ्यावर काळपट थर तसाच होता, म्हणजे तेथे झाकण कधी टेकतच नव्हते. अशा अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. त्यामुळे फट 0.04 वर आणली की तेथील गळती सत्ताविसाव्या हिश्श्यावर येते.

पात्याचा माथा उंच करायला त्यावर हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियमचा कठीण थर, चढवून घेण्यासाठी कुर्ल्याच्या कारखान्यात पाठवण्याचा बेत होता, तो मी रद्द केला. जाड काचेवर नागदेवीहून आणलेला 600 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, तेलाच्या थेंबांबरोबर भिंतीचा माथाच आठच्या आकड्यात घासत खाली आणला आणि वरचेवर मायक्रोमीटर लावला. आता उघड्या सुईला 8 ते 9 सेकंद आणि बंद सुईला 30 सेकंद लागतात. सुईचा अष्टमांश फेरा दांड्यावर स्पष्ट जाणवतो, याचा आनंद मोठा आहे.

जॅकचे पातळ तेल यात घालावे, हा सल्ला मला पटत नाही. झिजलेल्या फटींतून ते लगेच वाट काढते. प्रिन्सेस स्ट्रीटवर मिळणारे शुद्ध ग्लिसरीन उत्तम, पण 20 अंशांवरचा त्याचा दाटपणा 40 अंशांवर सुमारे पाचव्या हिश्श्यावर येतो, शिवाय ते हवेतील पाणी ओढून घेते. पाण्याचे प्रमाण 10 टक्के झाले, तरी दाटपणा सहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. मुंबईच्या पावसाळ्यात ही बाब क्षुल्लक नाही.

हे लिहिताना 1000 सेंटीस्टोक्स (दाटपणाचे एकक) दाटपणाचे सिलिकॉन तेल वापरून पाहावे, असे सुचते आहे, कारण तापमानाने ते फार बदलत नाही आणि पाणी शोषत नाही. त्यामुळे मागची जोडी उघडण्याचे काम थांबवून आधी पुढच्या दोन्हींत ते भरतो, आणि सकाळी व भर दुपारी वजनाची तीच चाचणी घेतो. धुऱ्याच्या पॅकिंगमधून ते पाझरते का, हेही तेव्हाच पाहता येईल.