धारवाडची वैरण बघून आलो

खानापूरहून सकाळची रेल्वे धरली आणि लोंढा, अळणावर करत धारवाडला उतरलो. आम्ही तिघं, तिघांच्याही गोठ्यात म्हशी आणि दुखणंही एकच: दुधाचं बिल हातात पडलं की निम्मं पेंडीच्या दुकानात जातं.

कृषी विद्यापीठाच्या आवारात झाशीच्या भारतीय चारा संशोधन संस्थेचं केंद्र आहे. मूळ संस्था १९६२ सालची. डीएचएन-६, म्हणजे ‘संपूर्णा’, हा संकरित नेपियर गवताचा वाण याच केंद्रातला.

वाफ्यापाशी तिथल्या माणसानं दोन ताटं कापून हातात दिली. दीड महिन्याचं नखानं दाबलं तर पाणी सुटलं. तीन महिन्यांच्याला विळ्याचाही जोर लागला. माझी म्हैस रोज दावणीत टाकून देते ती हीच दांडकी! वजन भरतं म्हणून आम्ही वैरण डोक्याच्या वर जाऊ देत होतो. जून झालेल्या ताटातली प्रथिनं घटतात, पचनही कमी होतं. ती तूट आपण पेंडीनं भरतो. एवढी एक गोष्ट कळली तरी गाडीभाडं वसूल झालं.

दुसरं, नुसत्या गवतावर भागत नाही. सोबत चवळी, दशरथ घास असं द्विदल हवं. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, म्हणून त्याला युरिया कमी लागतो. लसूणघास उत्तम, पण पाणी साचलेलं त्याला सोसत नाही. आमच्या खानापुरी पावसात मी तरी त्याच्या नादी लागणार नाही.

जाणाऱ्यांनी सुट्टीचा दिवस टाळावा, आधी फोन करावा. कन्नड बोलणारा एक जण सोबत असू द्या. वैरणीला तिकडं ‘मेवु’ म्हणतात. नेपियरच्या कांड्या ओल्या पोत्यात गुंडाळून आणा आणि लगेच लावा. दोन डोळ्यांची कांडी, एक डोळा मातीत. दोन ओळींत तीन फूट, दोन कांड्यांत दोन फूट अंतर. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढं दर दीड महिन्यानं, जमिनीपासून चार-पाच बोटं सोडून. प्रत्येक कापणीनंतर गोठ्यातलं शेण-मूत त्याच ओळीत सोडा.

माझ्या बांधावर काल पन्नास कांड्या लागल्या. ठोंब फुटले की जवळपासच्यांनी बेणं न्यायला या.