मामा, लाल घ्यायचं की नाही घ्यायचं?

गेले सात-आठ महिने रात्री जेवणं झाली की तासभर बसून एक छोटा टूडी गेम बनवतोय. खाडीतून होडी चाललीय, वाटेत मासे आणि डिझेलचे कॅन गोळा करायचे, खडक, तुटकी जाळी, जेलीफिश चुकवायचे, एवढंच. सगळे स्प्राइट, म्हणजे गेममधल्या वस्तूंची छोटी चित्रं, मीच काढलेत आणि एकेकावर भरपूर वेळ घातलाय, खडकावरच्या शेवाळात सुद्धा तीन वेगळे हिरवे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत भाची आली, नऊ वर्षांची आहे, तिच्या हातात फोन दिला आणि काही न बोलता शेजारी बसलो. दुसऱ्याच मिनिटाला तिने गेम पॉज केला आणि विचारलं, "मामा, लाल घ्यायचं की नाही घ्यायचं?"

डिझेलचा कॅन लाल होता. पुढे खडक आहे हे सांगणारा, पाण्यावर तरंगणारा बोयापण लाल होता. कॅन लाल केला कारण पाण्यावर उठून दिसतो, आणि बोया लाल केला कारण धोका म्हणजे लाल. दोन्ही कारणं आपापल्या जागी ठीक होती पण ती सुचली दोन वेगवेगळ्या रात्री, आणि खेळणाऱ्याच्या समोर दोन्ही एकाच स्क्रीनवर येतात. तिला माझं शेवाळ दिसतच नव्हतं, तिला पाव सेकंदात एवढंच कळायला हवं होतं की घेऊ की पळू.

त्या रात्री झोप नाही आली, उठून पॅकमॅनचे व्हिडिओ बघत बसलो. 1980 चा गेम, नामको कंपनीच्या तोरू इवातानींनी केलेला, चक्रव्यूहात गोळ्या खात फिरायचं आणि चार भुतांपासून पळायचं, आणि इतक्या कमी पिक्सेलमध्ये किती गोष्टी सांगितल्यात बघा. चारही भुतांचा आकार अगदी एकच, म्हणजे आकार सांगतो की हे भूत आहे, लांब राहा. रंग सांगतो की कोणतं भूत, लाल, गुलाबी, आकाशी, नारिंगी, आणि प्रत्येकाची पाठलाग करायची पद्धत वेगळी. डोळे सांगतात ते कुठल्या दिशेला निघालंय. मोठी गोळी खाल्ली की चारही एकदम गडद निळी होतात, म्हणजे आता उलट आपण त्यांना खायचं, आणि वेळ संपत आली की पांढरी लुकलुकायला लागतात, तेवढ्यावरून कळतं की आता मागे फिरायचं. एका गोष्टीला एकच काम दिलंय आणि ते अख्ख्या गेममध्ये कुठेही मोडलेलं नाही. मला हे फार सुंदर वाटतं, खरंच.

टीम फोर्ट्रेस 2 हा दोन टीमच्या लढाईचा गेम याचं मोठं उदाहरण. 2007 मध्ये तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या लोकांनी त्याच्या आर्टवर एक पेपरच लिहिला होता, त्यात क्रम स्पष्ट मांडलाय की आधी टीम कळली पाहिजे, ती रंगावरून, मग नऊपैकी कोणता क्लास, म्हणजे कोणत्या प्रकारचा खेळाडू, ते शरीराच्या बाहेरच्या रेषेवरून, आणि मग हातात कोणतं हत्यार आहे ते. हत्यार छातीपाशी धरलेलं असतं म्हणून कॅरेक्टर पायाकडे गडद आणि छातीकडे उजळ रंगवलीत, सगळ्यात जास्त कॉन्ट्रास्ट तिथे, नजर आपोआप तिथेच जाते. हे वाचल्यावर मी माझे सगळे स्प्राइट काळ्या रंगाने भरून एका ओळीत लावले. मासा आणि खडक जवळजवळ सारखेच! दोन्ही लांबट ढेकळं.

मग नियम ठरवला. घ्यायचं ते गोल, टाळायचं ते टोकदार. मासे गुबगुबीत केले, कॅनचे कोपरे घासून त्याचा पिंपासारखा डबा केला, खडकांना सुळके दिले, बोयाचा शंकू केला, जाळ्याची फाटकी टोकं बाहेर काढली. अडलं ते जेलीफिशवर, कारण ती दिसायला गोल आणि वागायला धोका. चार दिवस तिला काटे लावून बघितले, मग ती जेलीफिश वाटेचना. शेवटी तिला काढूनच टाकलं आणि तिच्या जागी पाकट (स्टिंगरे) आणलं. पतंगासारखा चौकोन, मागे लांब शेपूट, काळं भरलं तरी ओळखू येतं. जेलीफिशचं ॲनिमेशन मला खूप आवडायचं, पण एकदा नियम मोडला की बाकीच्या सगळ्या गोलांवरचा विश्वास जातो.

रंगाचं वेगळं निस्तरावं लागलं. माझ्या एका मित्राला लाल-हिरवा फरक नीट कळत नाही (पुरुषांमध्ये हे बायकांपेक्षा बरंच जास्त असतं कारण त्याचे जीन एक्स क्रोमोसोमवर असतात). त्याला स्क्रीनशॉट दाखवला तर तो म्हणाला शेवाळ आणि बोया एकाच मातकट रंगाचे आहेत. आता प्रत्येक स्क्रीनशॉट आधी ग्रेस्केल, म्हणजे रंग काढून नुसता काळा-पांढरा, करून बघतो, तिथे वेगळं दिसलं तरच पुढे. आणि मागचं संध्याकाळचं केशरी आभाळ बरंच फिकं केलं, भडक रंग फक्त ज्याला होडीचा स्पर्श होणार त्याच वस्तूंना. आभाळ फिकं करताना मात्र जिवावर आलं.

हे करताना सावंतवाडीच्या राजवाड्यात बघितलेला गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे पत्ते, आठवला. दशावतारी संचात 120 पानं, दहा अवतार, प्रत्येकाची बारा. पानं सगळी गोल, म्हणजे बाहेरच्या आकारावरून काहीच कळणार नाही. म्हणून प्रत्येक अवताराला पानाच्या पार्श्वभूमीचा रंग ठरलेला आणि वर खूण ठरलेली, मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. समईच्या उजेडात रंग दगा देईल पण कासव कासवच राहील. मी बोयावर आता काळे-पिवळे पट्टे घातलेत ते तिथूनच, रंग नाही कळला तर पट्टे कळतील.

मागच्या रविवारी भाचीला गेमचा नवीन बिल्ड (सुधारलेली आवृत्ती) पाठवला आणि व्हिडिओ कॉलवर बघत बसलो. पाकट तिने याआधी कधी बघितलेलं नव्हतं, ते समोर आल्याबरोबर होडी झटकन डावीकडे वळवली आणि खेळत राहिली. लेव्हल संपल्यावर एवढंच विचारलं, "मामा, त्याच्या शेपटीला खरंच काटा असतो का?"

असतो, म्हटलं, आणि विषारी असतो.