तुम्ही विचारलंत म्हणून: लायसन माझ्याकडे आहे

लेकीला दत्तक घेतल्यापासून बेळगावात कुणी ना कुणी विचारतंच, "तुमची एवढी चौकशी झाली, मग सगळ्याच आई-बापांना मूल वाढवायचं लायसन का नको?" वर आठवण करून देतात, हे तुम्हीच म्हणायचात की! होय, म्हणायची. खानापूर तालुक्यात शिकवत असताना एका बापानं दारूच्या नादात पोराचं दप्तर चुलीत घातलं. तेव्हा स्टाफरूममध्ये मी तावातावानं बोलले, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मला फार बरं वाटलं.

आता लायसन माझ्याकडेच आहे. उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरचं सर्टिफिकेट, ओळखीच्या दोघांची पत्रं. आम्हा नवराबायकोच्या वयाची बेरीज 93, आणि त्या वेळच्या नियमानं बेरीज 90 च्या वर गेली की चार वर्षांखालचं मूल मिळत नव्हतं. चौकशीच्या मॅडमनी घर बघितलं, न्हाणी बघितली. "मूल कशाला पाहिजे?" याचं उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं. रिपोर्ट कन्नडमध्ये, मला धड वाचता आला नाही. पास झाले एवढं कळलं.

2019 च्या पावसाळ्यात ती आली. सहा वर्षांची, तोंडात फक्त कन्नड. आमचं घर 1 नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा काळा दिवस पाळणारं. सासरे वारले तरी ते वळण तसंच आहे. मराठी शाळेत घालायचं म्हणून मी तिच्या मागे लागले. घाई माझीच, तिला कुणी विचारलं होतं?

नोव्हेंबरातली संध्याकाळ. मी भाकऱ्या थापतेय, ती पाटावर पाटी घेऊन. "हे कुठलं अक्षर?" "गोत्तिल्ल." परत विचारलं. "गोत्तिल्ल." माहीत नाही म्हणायचं, तेही कन्नडमध्ये! चौथ्यांदा तेच आल्यावर माझा हात उठला. निळ्या फ्रॉकवर, पाठीवर, पिठाची पाच बोटं. तव्यावरची भाकरी करपत होती, ती आधी उतरवली. हेही सांगूनच टाकते.

ती रडली नाही. उठली, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभी राहिली. फिरायला जायचंय का, असं मी विचारणार होते. मग कळलं, तिला वाटलं होतं की आता परत पाठवणार.

मारतात सगळेच, असं मला सांगू नका. मीही शाळेत दोन-चारदा छडी चालवलीय. पण त्यातलं एकही पोर चपला घालून दारात उभं राहिलं नव्हतं.

दत्तक दिल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी बघून जातात. पुढच्याच महिन्यात मॅडम आल्या. मला चहा करायला पाठवून तिला कन्नडमध्ये विचारलं, अम्मा मारते का? स्वयंपाकघरात मला ऐकू आलं, "इल्ल." नाही. मॅडम गेल्यावर ती माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "सरी हेळिदे?" बरोबर सांगितलं ना? मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणायला हवं होतं, ते अजून सुचत नाही.

आणि माझी आई? निपाणीची. तंबाखूच्या वखारीत जायची, रात्री विड्या वळायची, मजुरी हजार विड्यांमागे. मला सांभाळायला कुणी नसलं की लुगड्यानं खांबाला बांधून जायची. आज कुणीही 1098 ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला असता. उत्पन्नाच्या दाखल्यालाच ती नापास. तिनं मला कधी बोट लावलं नाही.

म्हणून लायसन नको? तसंही म्हणवत नाही. दप्तर जाळलेलं ते पोर आठवतं. पण ते देणार कोण, कुठल्या ऑफिसात, कुठल्या भाषेत? आणि त्या सहा महिन्यांच्या फेऱ्या नसत्या तर माझा हात परत उठला असता का? ठाऊक नाही.

आता ती बारा वर्षांची आहे, मराठी माझ्यापेक्षा फर्डं बोलते. मी भाकऱ्या थापत असले की मात्र पाठीमागून येत नाही. कट्ट्याच्या समोरच्या बाजूनं येते.