सारंगखेड्याची यात्रा: पाळण्याच्या रांगेत उभं राहण्याआधी

2025 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला, दत्ताच्या यात्रेला, दोनदा जाणं झालं. दत्तजयंती 4 डिसेंबरला, गुरुवारी होती. नंतरच्या रविवारी माझी ड्यूटी जादा गाडीवर लागली आणि मंगळवारी साप्ताहिक सुट्टी होती म्हणून घरच्यांना घेऊन गेले. मी एसटीत वाहक आहे, धुळ्यात राहते. माणसं गाडीत चढवणं, उतरवणं आणि सगळी नीट बसली की डबल बेल देणं हेच माझं रोजचं काम. त्यामुळे यात्रेत माझं लक्ष पाळण्यापेक्षा पाळण्याच्या दाराकडे जास्त गेलं. एकमुखी दत्ताचं मंदिर आणि घोडेबाजार यांच्यावर पुष्कळांनी लिहिलंय. पाळण्यांच्या रांगेबद्दल कोणी सांगत नाही, आणि लेकरं घेऊन जाणाऱ्याचा निम्मा वेळ तिथेच जातो.

रविवारी गाडी दुपारी साडेचारला पोहोचली. परतीच्या फेरीला दोन तास होते. चहा घेतला आणि खाकीतच पाळण्यांकडे गेले. दोन आकाश पाळणे शेजारी-शेजारी उभे होते. उंची सारखीच, दोन्हींना बारा-बारा डबे, एका डब्यात चार जण. तिकीटही सारखंच. पण पहिल्याची रांग तिकीट खिडकीला वळसा घालून पार जिलेबीच्या दुकानापर्यंत गेलेली आणि दुसऱ्याची बांबूच्या कठड्याच्या आतच मावलेली. लोक म्हणत होते, पहिला पाळणा चांगला असेल म्हणून गर्दी आहे. मला तसं वाटेना. मी मोबाईलवर वेळ लावून बघितला.

पहिल्या पाळण्याच्या फलाटावर एकच पोरगा होता, अठरा-एकोणीस वर्षांचा. डबा खाली आला की तोच दांडा उघडणार, आतल्यांना उतरवणार, नव्यांना बसवणार, तिकिटं घेणार, दांडा लावणार, खिळ घालणार. मालक एका हाताने लिव्हर धरून दुसऱ्या हाताने सुट्टे पैसे देत होता. एक डबा रिकामा होऊन भरायला सरासरी पन्नास सेकंद. बारा डब्यांना झाली दहा मिनिटं. त्यानंतर चार मिनिटांची सलग फेरी. म्हणजे चौदा मिनिटांत 48 माणसं, तासाला दोनशेच्या आसपास.

दुसऱ्यावर तिघं होते. एक रांगेच्या तोंडाशी उभा राहून आधीच चौघा-चौघांच्या जोड्या लावत होता. “दोघं कोण? इकडं या. तुमच्यासंगे हे दोघं.” दुसरा उतरणाऱ्यांना पलीकडच्या बाजूने बाहेर काढायचा, आणि तिसऱ्याकडे फक्त दांडा आणि खिळ. एका डब्याला पंचवीस सेकंद. पाच मिनिटांत पाळणा भरायचा, चार मिनिटं फिरायचा. नऊ मिनिटांत 48 म्हणजे तासाला 320. पाळणा तोच, वेगही तोच. फरक पडला तो फलाटावरच्या दोन माणसांनी.

शिवाय पहिल्या पाळण्यावर जोड्या लावणारं कोणी नसल्यामुळे नवरा-बायको दोघंच चौघांच्या डब्यात बसून वर जात होते. मी एक फेरी मोजली तर 48 जागांवर 35 माणसं निघाली. रांगेतल्यांना ते खालून दिसत नाही, फक्त रांग सरकत नाही एवढं कळतं आणि मग ढकलाढकली सुरू होते. गाडीला दार एकच असलं आणि उतरणारे उतरण्याआधी चढणारे घुसले की काय होतं, ते मी रोज बघते. तेच इथे होत होतं.

लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी मागे पाळण्यांबद्दल वाचलं होतं, ते तिथे उभ्या-उभ्या आठवलं. जॉर्ज फेरिस यांनी 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात पहिला महाकाय पाळणा उभा केला. 264 फूट उंच, 36 डबे आणि एका डब्यात साठ माणसं! एवढी माणसं एकाच दारातून भरायची म्हटली असती तर दिवस मावळला असता. त्यांनी चढायला-उतरायला सहा फलाट केले. एका थांब्यात सहा डबे भरायचे, सहा थांब्यांत सगळा पाळणा भरायचा आणि मग नऊ मिनिटांची न थांबता फेरी. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या माणसाला कळलं होतं की रांग फलाटावर तुटते.

मंगळवारी आम्ही दोंडाईचामार्गे गेलो. तापीचा पूल ओलांडला की यात्रा लागते. बरोबर हे, सासूबाई, नऊ वर्षांची लेक आणि नणंदेचा सहा वर्षांचा मुलगा. आधी दर्शन घेतलं, मग पोरांना घोडे दाखवले. पांढऱ्याशुभ्र नुकऱ्या घोड्यापुढून भाचा हलेना, त्याला उचलूनच आणावं लागलं. पाळण्यांपाशी आलो तेव्हा चार वाजले होते. ही वेळ लक्षात ठेवा. दुपारी चार ते सहा रांगा निम्म्यासुद्धा नसतात. शेतातली, कामावरची माणसं दिवेलागणीनंतर येतात आणि सात ते दहा पाय ठेवायला जागा राहत नाही. रोषणाई बघायची हौस असेल तर पाळणे आधी उरकून घ्या आणि रात्री नुसतं फिरा. रविवार आणि दत्तजयंतीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस लहान मुलांना घेऊन टाळलेलेच बरे.

लेकीला पहिल्याच पाळण्यात बसायचं होतं, कारण त्याचे डबे गुलाबी. रांग लहान होती, वीस मिनिटांत नंबर लागला. तो रविवारचाच पोरगा एकटा होता. त्याने आम्हाला बसवलं, दांडा ओढला आणि पुढच्या गिऱ्हाइकाने हाक मारली म्हणून तो वळला. डबा हलला. मी दांड्याकडे बघितलं तर खिळ साखळीला लोंबत होती, भोकात नव्हती. मी जोरात ओरडले, “भाऊ, थांबवा! खिळ राहिली!” डबा जमिनीपासून फार तर कमरेएवढा वर गेला होता. मालकाने लिव्हर ओढली, पाळणा थांबला, पोरगा धावत आला. खिळ घालताना त्याची बोटं थरथरत होती. नखांत ग्रीस, तळव्याला चिंधी बांधलेली. मी विचारलं, जेवलास का? म्हणाला, “सकायपासून उभा शे ताई.” मला त्याचा राग आला नाही. माझ्या मांडीवर भाचा होता, अंग गार पडलं होतं, तरी त्याचा राग आला नाही.

उतरल्यावर मी मालकाशी बोलले. भांडले नाही, पण स्पष्ट बोलले. त्याचं म्हणणं, दोन पोरं गावी निघून गेली, आता माणूस मिळत नाही. ते खोटं नसावं. डिसेंबरात आपल्याकडे कापसाची वेचणी असते, शहाद्याकडे ऊसतोड चालू असते, आणि तिथे रोज दिवसा काम करून रात्री घरी झोपता येतं. पाळण्यावरचा पोरगा दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत उभा आणि झोपायला जनरेटरशेजारची ताडपत्री. पण माणूस नसेल तर बाराऐवजी आठच डबे चालवावेत, नाहीतर तिकीट खिडकी दर तासाला दहा मिनिटं बंद ठेवून त्या पोराला घोटभर पाणी पिऊ द्यावं. आमच्या गाडीला वाहक नसेल तर गाडी डेपोतून सुटत नाही. विनावाहक गाडीलासुद्धा मधले थांबे वगळूनच सोडतात. मालकाने ऐकून घेतलं, मान हलवली. पुढे काय केलं ते बघायला मी थांबले नाही.

नंतर दुसऱ्या पाळण्याकडे गेलो. एव्हाना साडेसहा वाजून गेले होते, गर्दी वाढली होती. रांगेच्या तोंडाशी तो जोड्या लावणारा होताच. सासूबाईंकडे बघून म्हणाला, “आते टाईम शे आजी, चार फेऱ्या जातीन. पोरेसले पानी पाजी ल्या.” चार फेऱ्या म्हणजे छत्तीस मिनिटं. सासूबाई शेजारच्या खाटेवर टेकल्या, आम्ही गोडी शेव घेतली. प्रत्यक्षात अडतीस मिनिटं लागली, म्हणजे पहिल्या पाळण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. तरी सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणतात की तिथे लवकर नंबर लागला. किती वेळ लागेल ते माहीत होतं, कोणी मध्ये घुसत नव्हतं आणि बसायला खाट होती. पाळणेवाल्यांना माझं एवढंच मागणं आहे की वेळ सांगा. फळ्यावर खडूने लिहिलंत तरी चालेल. गाडी उशिरा येणार असली तरी कंट्रोलरने तसं सांगितलं की प्रवासी शांत बसतात. सांगितलंच नाही तर दहा मिनिटांत चौकशी खिडकीला गराडा पडतो.

त्या पाळण्यावर आणखी एक गोष्ट बघितली. दांड्यावरचा माणूस खिळ घातली की दांडा एकदा स्वतःकडे ओढून बघायचा, मग त्यावर तळहाताने दोनदा थाप मारायचा आणि हात वर करायचा. लिव्हरवरचा माणूस त्या हाताकडेच बघत असायचा. हात वर गेल्याशिवाय डबा हलत नव्हता. हीच आमची डबल बेल! बारा डब्यांना बारा वेळा, एकदाही चुकला नाही. घाई तिथेही होती, रांगेतून शिट्ट्या चालू होत्या, पण त्याने हात आधी वर केला नाही.

तुम्ही जाल तेव्हा तिकीट काढायच्या आधी एक अख्खी फेरी बघा. पाच-दहा मिनिटं जातील, पण सगळं कळेल. फलाटावर किती माणसं आहेत, लिव्हरवरचा माणूस दुसरं काही काम करतोय का, डबा हलण्याआधी कोणी खूण करतं का. लिव्हरवरचाच पैसे घेत असेल तर मी तरी आता बसणार नाही. वेळेचा अंदाज सोपा आहे. आपल्या पुढची माणसं मोजा, एका फेरीत जेवढी बसताना दिसली त्याने भागा आणि एका फेरीला लागलेल्या मिनिटांनी गुणा. पुढे दीडशे माणसं, फेरीत चाळीस आणि फेरी दहा मिनिटांची, तर पाऊण तासाची तयारी ठेवा. जागा मोजू नका, बसलेली माणसं मोजा.

गर्दी नसताना पाळणेवाला डबे ओळीने भरत नाही. एक डबा भरतो, अर्धा फिरवतो आणि समोरचा भरतो. लोकांना वाटतं ओळखीच्यांना आधी बसवतोय. तसं नसतं. एकाच बाजूला वजन आलं तर पाळणा एकीकडे ओढतो, म्हणून समोरासमोर भरावं लागतं. त्यात वेळ जातो, जाऊ द्या. तिथे घाई करू नका.

ब्रेक डान्स आणि टोराटोरा या गरगर फिरणाऱ्या पाळण्यांना सगळे एकदम चढतात, एकदम उतरतात, म्हणून त्यांच्या रांगा पटकन सरकतात. लांब रांग बघून परतू नका. तिथे मात्र सगळे दांडे एकाच वेळी लागतात आणि तपासणारा एखादाच असतो. आपला दांडा आपणच ओढून बघायचा. कोलंबसची नाव सहा वर्षांच्या पोराला नको, आमचा भाचा नुसता बघूनच रडला. ओढणी कमरेला घट्ट बांधा, केसांचा अंबाडा घाला, पायातल्या चपला आणि हातातला मोबाईल खाली राहणाऱ्याकडे द्या. मोठ्या माणसाने आधी बसायचं, मग मूल घ्यायचं. उतरताना मूल आधी.

सुट्टे पैसे न्या. संध्याकाळनंतर नेटवर्क मिळत नाही आणि मोबाईलवरून पैसे जाईपर्यंत मागचे खोळंबतात. लेकराच्या खिशात आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. भेटायची जागा ठरवताना “मोठ्या पाळण्यापाशी” असं ठरवू नका, पाळणे चार आहेत. नदीकाठची थंडी आहे, सात वाजल्यावर स्वेटर आणि कानटोपी लागतेच. वर गेल्यावर वारा आणखी बोचतो.

परतीसाठी उतरल्या-उतरल्याच वाहकाला शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवा. जादा गाड्यांच्या वेळा गर्दी बघून बदलतात, आदल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. दोंडाईच्याला रेल्वे पकडायची असेल तर शेवटच्या गाडीवर भिस्त न ठेवता तिच्या आधीची घ्या, पुलाच्या तोंडाशी रात्री वाहनं मुंगीच्या पावलाने सरकतात. आम्ही नऊच्या गाडीने निघालो. तिकडे दुसऱ्या पाळण्यावरचे तिघं आळीपाळीने जेवत होते. एक जण भाकरीवर ठेचा घेऊन ताडपत्रीवर बसला होता आणि तेवढ्यापुरता दांड्यावर जोड्या लावणारा आला होता. त्यानेही दोनदा थाप मारली आणि हात वर केला.