आडव्या पंजाएवढी हवा

गोव्यातल्या घराचा हॉल ओळखायचा असेल तर आधी त्याची शोकेस पाहावी. मधोमध टीव्ही, आणि त्याच्याभोवती घराचा सगळा इतिहास मांडलेला: लग्नात आलेला काचेचा ताजमहाल, मुलांना शाळेत मिळालेल्या ढाली, कुणीतरी लिस्बनहून आणलेला रंगीत कोंबडा, पाहुण्यांसाठी ठेवलेले आणि पाहुणे आले तरी न काढलेले ग्लास. वर जिथे जागा मिळेल तिथे क्रोशाचे रुमाल. यातल्या एकाही वस्तूला हवा लागत नाही. अधूनमधून धूळ पुसली की सेवा संपली. मग एके दिवशी घरात गेमिंग कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, येतो आणि त्याला मिळते ती उरलेली जागा: सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर, राउटरला खेटून, काचेच्या दाराआड. एवढ्या मंडळींत श्वास घेणारा तो एकटाच, आणि नाक दाबून बसवला जातो तोही तोच.

प्लेस्टेशन ५ वर एखादा जड गेम चालू असला की ते यंत्र साधारण २०० वॉट वीज खातं. ती वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. जुन्या पद्धतीचे १०० वॉटचे दोन पिवळे बल्ब पेटवून कपाटात ठेवले आणि दार लावून घेतलं, तर आत जे होईल तेच इथे होतं. ते बनवणाऱ्या सोनीने या यंत्रासाठी भोवतालची हवा ५ ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावी असं सांगितलं आहे. मे महिन्यात पणजीत दुपारचा पारा ३३ च्या आसपास असतो. म्हणजे मर्यादेपर्यंत दोनच अंश शिल्लक, आणि ते दोन अंश खायला काचेच्या दाराला फार वेळ लागत नाही. पंख्याचा आवाज आधी वाढतो, मग पडद्यावर ‘यंत्र फार तापलं आहे’ अशी सूचना येते, आणि तरी ऐकलं नाही तर यंत्र स्वतःच बंद पडतं. पुष्कळ घरांत या टप्प्यावर कंपनीला दोष दिला जातो. ताजमहालाला कुणी काही म्हणत नाही.

प्रत्येक कन्सोलचं नाक वेगळ्या जागी असतं, आणि ते कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय जागा ठरवू नये. प्लेस्टेशन ५ पुढच्या कडांतून हवा आत ओढतो आणि जवळजवळ सगळ्या पाठीतून गरम हवा सोडतो. एक्सबॉक्स सिरीज एक्स म्हणजे सरळ चिमणी: हवा खालून आणि मागून आत, वरच्या मोठ्या पंख्यातून बाहेर. सिरीज एसवर जी गोल काळी जाळी दिसते ती शोभेची नाही, तिथूनच गरम हवा निघते. तो आडवा ठेवला की ही जाळी नेमकी वर येते, आणि सपाट, पांढरा, नीटनेटका असल्यामुळे घरातल्या माणसांना त्यावर काहीतरी ठेवायचा मोह होतोच. निन्टेन्डो स्विच टीव्हीला जोडणाऱ्या खोबणीत, म्हणजे डॉकमध्ये, बसवला तरी त्याची गरम हवा वरच्या कडेतून जाते. त्याची भूक बाकीच्यांच्या मानाने खूप कमी, पण डोक्यावर रुमाल त्यालाही चालत नाही.

जागा मोजायला टेप नसला तरी चालतं. हात आडवा धरून अंगठ्यासकट पंजाची रुंदी घेतली तर ती साधारण १० सेंटिमीटर भरते. सोनीच्या सूचनेप्रमाणे भिंतीपासून किमान एवढं अंतर हवं. मायक्रोसॉफ्ट एक्सबॉक्सभोवती १० ते १५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडायला सांगते. आता हिशेब करा. २०२० सालचा मूळ प्लेस्टेशन ५ आडवा ठेवला तर सुमारे ३९ सेंटिमीटर रुंद, २६ खोल आणि साडेदहा उंच. दोन्ही बाजूंना एकेक पंजा धरला की खण ५९ सेंटिमीटरचा, म्हणजे जवळजवळ दोन फुटांचा हवा. खोली २६ अधिक १०, म्हणजे ३६. आपल्याकडच्या टीव्ही युनिटची खोली बहुधा सोळा इंच, म्हणजे ४० सेंटिमीटर असते. तेव्हा बसतो, पण जेमतेम. युनिट बारा इंचांचं असेल तर बसतच नाही, मग मागची प्लाय कापा नाहीतर यंत्र शोकेसच्या बाहेर काढा. २०२३ मध्ये आलेला लहान अंगाचा प्लेस्टेशन ५, म्हणजे स्लिम, ३६ बाय २२ सेंटिमीटरच्या आत मावतो, त्यामुळे थोडा सैल राहतो. सिरीज एक्स उभा ३० सेंटिमीटर. वर १५ सोडायचे तर खण दीड फूट उंच लागतो. तेवढा उंच खण शोकेसमध्ये सहसा फुलदाणीचाच असतो. फुलदाणी हलवायची नसेल तर यंत्र त्याच्या रबरी पायांवर आडवं करावं; मग चिमणी कडेला येते आणि तिथे भिंत किंवा फळी येणार नाही एवढं पाहावं लागतं.

मागच्या बाजूची खरी अडचण हवेपेक्षा केबलची असते. टीव्हीकडे चित्र नेणाऱ्या एचडीएमआय केबलचं टोक आणि त्यानंतरचा न वाकणारा भाग मिळून चारपाच सेंटिमीटर सहज जातात. खण उथळ असला की लोक यंत्र मागे रेटतात, केबल भिंतीवर दाबली जाते आणि सगळा जोर यंत्राच्या आतल्या पोर्टवर येतो. हा पोर्ट बोर्डवर सोल्डरिंगने बसवलेला असतो. तो एकदा हलला की चित्र येतं-जातं करू लागतं, आणि दुरुस्ती म्हणजे गरम हवेने जुना पोर्ट काढून नवा बसवणं. काटकोनी कनेक्टर लावता येतो, पण तो वर वळतो की खाली, आणि शेजारचा पोर्ट झाकतो का, हे घेण्याआधी पाहावं. दुकानदार विचारल्याशिवाय हे सांगत नाही.

मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलवायचंच असेल तर त्याच्याकडून दोन कामं करून घ्यावीत. खणाच्या मागच्या प्लायला वरच्या बाजूला साठ मिलिमीटरची तीन-चार भोकं, आणि खालच्या फळीला किंवा दाराच्या तळाशी तेवढीच. गरम हवा वर चढते, म्हणून बाहेर जायची वाट वर आणि आत यायची वाट खाली. भोकाला प्लास्टिकची टोपी बसवताना तिचं झाकण काढून टाकावं, नाहीतर भोक केलं आणि बुजवलं असा प्रकार होतो. वर एक १२० मिलिमीटरचा यूएसबी पंखा लावला तर फार चांगलं, पण त्याचं तोंड हवा बाहेर फेकणारं हवं. उलटा बसला तर तो कन्सोलच्या पंख्याशीच झोंबाझोंबी करतो. आणि खेळताना काचेचं दार उघडंच. पावसाळ्यात एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या भुशाची फळी, फुगून दार लागेनासं होतं, ती तक्रार कन्सोलच्या दृष्टीने वरदान समजावी.

शेजार कुणाचा, हेही बघावं लागतं. एकावर एक दोन यंत्रं कधीच नकोत. खालच्याची गरम हवा वरच्याच्या नाकात जाते. राउटर कन्सोलला चिकटून ठेवला तर दोघेही तापतात, शिवाय कंट्रोलर आणि राउटर दोघेही २.४ गिगाहर्ट्झवर बोलत असल्यामुळे गोंधळ वाढतो. निन्टेन्डो तर स्पष्टच सांगते की स्विच टीव्हीच्या मागे, धातूच्या कपाटात किंवा माशांच्या टाकीजवळ ठेवू नये. पाणी हे रेडिओलहरी शोषून घेतं, त्यामुळे टाकी मध्ये आली की जॉय-कॉन, म्हणजे स्विचचा हातातला कंट्रोलर, अडखळू लागतो. माशांवर गोवेकराचा कितीही जीव असो, इथे त्यांचं अंतर राखणं बरं.

उष्णता साठली की काय होतं याचा सर्वात महाग धडा २००५ सालच्या एक्सबॉक्स ३६० ने दिला. पुढच्या गोलावर तीन लाल दिवे लागले की यंत्र गेलं. वारंवार तापणं आणि थंड होणं यामुळे चिपखालची जोडणी तडकत होती. २००७ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टने या बिघाडापुरती वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरांहून अधिक खर्च धरला. त्या काळात यंत्र टॉवेलमध्ये गुंडाळून आणखी तापवायचा ‘उपाय’ जगभर फिरत होता. काही काळ यंत्र चालूही व्हायचं, मग कायमचं जायचं.

उभं की आडवं, हा वाद चहाच्या टपरीवरही रंगतो. सोनी दोन्हीला परवानगी देते. पण मूळ प्लेस्टेशन ५ साडेचार किलोचा आहे आणि स्टँडचा स्क्रू घट्ट नसेल तर तो डुलतो. स्लिमसोबत उभा स्टँड येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. त्याच्याशिवाय उभा केला तर मांजराच्या एका शेपटीचं काम. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर आडवाच ठेवावा. कुठलाही असो, आत डिस्क फिरत असताना यंत्र हलवू नये. आणि जमिनीपासून निदान वीतभर वर ठेवावा. लादी पुसताना उडणारं पाणी आणि खाली साचणारी धूळ, दोन्ही तळाच्या खणातच जातात. खाणींच्या पट्ट्यातल्या साखळी-डिचोलीकडच्या घरांत तर ही धूळ तांबडी आणि बारीक. तिथे दोन-तीन महिन्यांनी प्लेस्टेशनचं पांढरं आवरण सरकवून आतली धूळ साठायची दोन भोकं व्हॅक्यूमने साफ करावीत. ब्लोअर मारायचा तर प्लग काढून आणि पंखा बोटाने धरून, नाहीतर वाऱ्याने तो भलत्या वेगाने गरगरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं.

मान्सून आला की उष्णतेची जागा ओल घेते. किनाऱ्यालगत हवेत मीठही असतं. जुलै-ऑगस्टमध्ये यंत्र महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातून अर्धा तास चालवावं. स्वतःच्या उष्णतेने ते आतून कोरडं होतं. सिलिका जेलच्या पुड्या बंद खोक्यात कामाच्या, उघड्या खणात त्या दोन दिवसांत ओल पिऊन थंड पडतात. एसीच्या थंड खोलीतून यंत्र दमट हॉलमध्ये आणलं तर तासभर तसंच ठेवून मगच लावावं, कारण गार भांड्याला बाहेरून जसं पाणी सुटतं तसं त्याच्या आतही सुटतं. झुरळांना मात्र ही ओल आणि ऊब दोन्ही आवडतात. यंत्र पूर्ण बंद न करता रात्रंदिवस रेस्ट मोडमध्ये, म्हणजे अर्धवट झोपेत, राहिलं की त्यांना थंडीवाऱ्यात बारमाही भाड्याशिवाय खोली मिळते.

गडगडाट सुरू झाला की फक्त कन्सोलचा प्लग काढून भागत नाही. छतावरच्या डिशची वायर, राउटरकडून येणारी लॅनची वायर, ही दोन्हीही काढावीत. विजेचा धक्का डिशच्या वायरमधून सेट-टॉप बॉक्सला, तिथून एचडीएमआयने टीव्हीला आणि टीव्हीतून दुसऱ्या एचडीएमआयने कन्सोलला पोचू शकतो. स्पाइक गार्डचा पूर्ण उपयोग घरात अर्थिंग धड असेल तरच. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवावं, म्हणजे लाइट गेल्यावर यंत्राला झटका बसत नाही. बॅटरी मात्र शोकेसमध्ये नको. ती स्वतःच तापते.

एवढं सगळं जुळवून झालं की चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, येते. मखर आणि गणपतीच्या वर फळापानांची टांगतात त्या माटोळीसाठी हॉल मोकळा करायचा म्हणून शोकेस सरकते आणि मागच्या वायरी ओढल्या जातात. आधी डिस्क काढावी, यंत्र रेस्टमध्ये न टाकता पूर्ण बंद करावं, मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढावा, आणि प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना कागदी टेपची चिठ्ठी लावावी. वायर टोकाला धरून सरळ काढावी. समईची काजळी, धूप आणि कापूर यांचा धूर तेलकट असतो, तो पंख्याच्या पात्यांना धरतो आणि मग धूळ त्याला. त्यामुळे तेवढे दिवस यंत्र आतल्या खोलीत, त्याच्या मूळ खोक्यात. विसर्जनानंतर सगळं परत लावताना फोटो बघून वायरी जागेवर जातात, पंजा आडवा धरून अंतरही पुन्हा मोजलं जातं. संध्याकाळी पाहावं तर यंत्रावर धुऊन इस्त्री केलेला क्रोशाचा रुमाल.