धंदा विकताय की जागा?

"चालता धंदा विकायचाय. दलाल धरू, की त्याचे टक्के वाचवून स्वतःच गिऱ्हाईक शोधू?" मी सीए आहे, ऑफिस दादरला. हा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक साठी ओलांडलेले असतात. मुलगा बंगळुरूला आयटीत, मुलगी पुण्यात डॉक्टर, कारखान्यात बसायला कुणी नाही. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. पण आधी माझा एक प्रश्न: तुम्ही धंदा विकताय की जागा?

मुंबईत हे आधी तपासावंच लागतं. तुमचा लालबागचा गाळा स्वतःचा आहे, भाडं भरत नाही, म्हणून वर्षाला बारा लाख नफा दिसतो. त्यातून बाजारभावाने गाळ्याचं भाडं आणि स्वतःचा पगार वजा करून बघा. कित्येकांच्या हाती त्यानंतर काही उरत नाही. तसं असेल तर विकण्याजोगी फक्त जागा आहे, आणि तिला नाक्यावरचा इस्टेट एजंट पुरतो. गाळा पागडीचा, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेला असेल तर एजंटाच्याही आधी मालकाकडे जा. पागडीच्या व्यवहाराला १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मान्यता दिली खरी, पण भाडेकरूचा हक्क दुसऱ्याच्या नावावर करायला मालकाची संमती लागते, आणि मालक आपला वाटा घेतल्याशिवाय सही करत नाही. अंबरनाथ-तळोज्याचा प्लॉट एमआयडीसीचा (औद्योगिक विकास महामंडळाचा) असेल तर महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरणाचे पैसे आलेच.

भाडं-पगार काढूनही नफा उरला, तर विकायला खरोखर धंदा आहे. मग दलालाचा विचार करा.

लोकांना वाटतं, दलाल म्हणजे गिऱ्हाईक आणणारा. गिऱ्हाईक तुम्हालाही ठाऊक असतं, बहुधा तुमच्याच लाइनीतलं. पण त्याला फोन करून "घेता का?" असं तुम्ही विचारू शकत नाही. संध्याकाळपर्यंत बाजारभर होतं. कच्चा माल देणारा उधारी आखडतो, चांगला कारागीर शेजारच्या युनिटात चौकशी करून येतो, बँक कॅश क्रेडिटच्या, म्हणजे रोजच्या खेळत्या पैशाच्या कर्जाच्या, नूतनीकरणाला फाटे फोडते. दलाल नाव न घेता एक पान फिरवतो: मध्य मुंबई, खाद्यपदार्थ, उलाढाल एवढी. गोपनीयतेच्या करारावर सही झाल्यावरच नाव सांगतो. स्पर्धक असेल तर गिऱ्हाइकांची यादी आणि दर शेवटच्या टप्प्यापर्यंत दाखवत नाही, कारण काही जण फक्त तेवढं बघायलाच आलेले असतात. माझ्या मते कमिशन द्यायचं ते या कामाचं.

दुसरं काम तुमचं तोंड बंद ठेवण्याचं. "कागदावर बारा दिसतात, खरे पंचवीस आहेत" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय! घेणारा रिटर्नवरचा नफा धरून भाव करतो. वरच्या तेराचे पैसे कुणी देत नाही, उलट कर चुकवल्याची कबुली तुम्ही एका अनोळखी माणसाला देऊन बसता. चांगला दलाल हे पहिल्या भेटीतच सुनावतो. जो पहिल्या भेटीत तुमच्या मनातल्या आकड्यावर आणखी वीस टक्के चढवतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा. त्याला सध्या फक्त तुमची सही हवी आहे. नवीन प्रकल्पातले फ्लॅट विकणाऱ्या एजंटाला महारेराची (महाराष्ट्राच्या स्थावर मालमत्ता नियामकाची) नोंदणी लागते, पण खासगी धंदे विकून देणाऱ्यांसाठी तसा वेगळा परवाना नाही. व्हिजिटिंग कार्ड कुणीही छापू शकतं. म्हणून त्याने आधी जुळवलेल्या व्यवहारांतल्या विकणाऱ्यांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कमिशनचं सगळं लेखी घ्या. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २१९ सांगतं की वेगळं ठरलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही. म्हणजे दरमहा द्यायची फी आली तर ती करारातूनच येते. ती शेवटच्या कमिशनातून वळती होईल असं लिहून घ्या. पैसे हप्त्याने मिळणार असतील तर कमिशनही हप्त्यानेच. टक्के कशावर? माल आणि येणी धरून की सोडून? वर १८ टक्के जीएसटी आहे, तो बोलणी करताना कुणाला आठवत नाही. घेणाऱ्याकडूनही दलाल काही घेणार आहे का, हे स्पष्ट विचारा. मुदत संपल्यावर त्याने आणलेल्या पार्टीशी व्यवहार झाला तर कमिशन द्यावं लागेल, हे कलम बहुतेक करारांत असतं आणि ते रास्तही आहे. फक्त त्या पार्ट्यांची नावं लेखी मागा आणि त्याला कालमर्यादा घाला.

घेणारा तुमचा भागीदार, जुना मॅनेजर किंवा पुतण्या असेल तर दलाल कशाला? सीए आणि वकील पुरेत. दलाल धरला तरी वकील मात्र तुमचा वेगळाच हवा. अख्खा धंदा एकगठ्ठा विकायचा की मशिनरी, माल, नाव सुटं सुटं, यावर कर आणि जीएसटी दोन्ही बदलतात. शिवाय विकल्यावर तोच धंदा पुन्हा न करण्याची अट येईल. एरवी अशी बंधनं आपल्याकडे टिकत नाहीत, पण गुडविल, म्हणजे धंद्याचं नाव आणि पत, विकलं असेल तर करार कायद्याचं कलम २७ ठरावीक हद्दीपुरती ती मान्य करतं. ती हद्द परळपुरती की अख्ख्या महाराष्ट्राची, यावर वकिलाला भांडू द्या, विशेषतः तुम्हाला उद्या ठाण्यात दुकान काढायचं असेल तर.