मावशींची गोधडी आणि हरेगावची वाट

विळद घाटात उजाडलं. नगरहून चार वाजता निघालो तेव्हा बारीक पाऊस होता आणि सगळ्यांत पुढे चालणाऱ्या पोराच्या हातातला क्रूस अंधारात जेमतेम दिसत होता. घाटात आलो तोवर क्रुसाला बांधलेली झेंडूची माळ पिवळी दिसू लागली. मागे टेंपोत मतमाउलीचा, म्हणजे पवित्र मरियेचा, पुतळा, टेंपोच्या मागे आम्ही बाया, आमच्या मागे ढोलकी आणि टाळ. जपमाळेचे दहा मणी झाले की एक भजन, भजन संपलं की पुन्हा ‘नमो मारिया’. ऐंशीएक किलोमीटर असंच जायचं होतं.

हरेगाव श्रीरामपूर तालुक्यात आहे, एके काळी साखर कारखान्याचं गाव. पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या, म्हणजे आठ सप्टेंबरच्या सुमारास तिथे मतमाउलीची यात्रा भरते. नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, असते आणि मग शनिवार-रविवारी गर्दी लोटते. नगर, नाशिक, पुणे, संभाजीनगर, जालना, कुठून कुठून लोक येतात, कितीतरी जण पायी. माझी आजी बैलगाडीतून जायची. मी आणि आमचे हे चालत जायला लागलो ते 2022 पासून. त्याच वर्षी आम्ही दत्तक बाळासाठी नाव नोंदवलं होतं.

लग्न 2009 चं. मूल व्हावं म्हणून काय काय केलं ते इथे लिहीत नाही, ज्यांनी ते भोगलंय त्यांना सांगायची गरज नाही. पण एक गोष्ट सांगते. त्या काळात एका प्रार्थनासभेत एकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, “ताई, विश्वास कुठेतरी कमी पडतोय.” त्या वाक्यानं मी दोन वर्षं आजारी पडले. औषध नसलेला आजार. उपास वाढवले, प्रार्थनेचे तास वाढवले, आणि देवाशी माझं नातं उधारी वसूल करणाऱ्यासारखं झालं. एवढं केलं, आता दे.

मग दत्तकाचा विचार आला आणि मला वाटलं, वाट पाहणं संपलं. तसं नव्हतं. केंद्राच्या पोर्टलवर नोंदणी होते, समाजसेविका घरी येतात, स्वयंपाकघर बघतात, दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात, तुमचा राग कसा आहे, घरातले वडीलधारे काय म्हणतात, मुलाला खरं कधी सांगणार. तो गृहभेटीचा अहवाल तीन वर्षं ग्राह्य धरतात. मग यादीत नंबर लागतो आणि आपण बसायचं. बाळाचा प्रस्ताव आला की 48 तासांत कळवायचं असतं, म्हणून पहिल्या वर्षी मी मोबाइल उशाशी घेऊन झोपायचे आणि रात्री दोनला उठून नंबर बघायचे. 2025 मध्ये तीन वर्षं भरली, अहवाल नव्याने करावा लागला. त्याच बाई पुन्हा आल्या. कपाटातले बाळाचे कपडे त्यांनी ओळखले. काही बोलल्या नाहीत, माझ्या हातावर हात ठेवला.

तर गोधडी. पहिल्या वर्षी दिंडीत माझ्या शेजारी सत्तरीच्या एक मावशी चालत होत्या, पायात प्लॅस्टिकच्या चपला, डोक्यावर पदर. त्यांनी विचारलं, “पोरी, काय मागाया निघालीस?” मी सांगून टाकलं. त्या नुसत्या “बरं” म्हणाल्या. मुक्कामाला त्यांनी पिशवीतून जुन्या लुगड्याचे तुकडे काढले आणि दुपट्याएवढं काहीतरी शिवायला घेतलं. म्हणाल्या, पाळण्यात लागंल. दुसऱ्या वर्षी तेच दुपटं घेऊन आल्या, कडेनं हिरव्या लुगड्याची पट्टी जोडलेली. “लेकरू एक वर्षानं वाढलं की गं.” तिसऱ्या वर्षी लाल पट्टी. मला आधी ते टोचलं, खरं सांगते. मग लक्षात आलं की माझ्या घरात जे बाळ तीन वर्षं तान्हंच राहिलं होतं, ते मावशींच्या घरात वाढत होतं.

पहिला मुक्काम राहुरीच्या अलीकडे एका शाळेत झाला. भाकरी, पिठलं, ठेचा, आणि पायांना खोबरेल तेल. दुसऱ्या दिवशी कृषी विद्यापीठ मागे टाकून राहुरी, मग कारखान्यावरून देवळाली प्रवराकडे वळलो. दोन्ही बाजूंनी ऊस, मध्येच सोयाबीन, कणसाला आलेली बाजरी. एका हॉटेलवाल्या भाऊंनी सगळ्या दिंडीला चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाले, आमची माउली आषाढात, तुमची आत्ता.

उन्हाच्या त्या टप्प्यात एक आजोबा आमच्याबरोबर चालत होते. त्यांचं लहानपण हरेगावच्या मळ्यात गेलेलं. या पट्ट्याला वाट पाहणं नवीन नाही, ते म्हणाले. ऊस लावायला कंपनीनं इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या, पुढे त्या सरकारी महामंडळाकडे गेल्या, आणि परत मिळवायला खंडकऱ्यांच्या पिढ्या झगडल्या. जमीन दिली आजानं, सातबारा आला नातवाच्या नावावर. मी विचारलं, मग तो आजा दुःखात गेला असेल ना? आजोबा थांबले. म्हणाले, “माझ्या ओळखीचा एक होता. मरेपर्यंत दुसऱ्याच्या रानात राबला, पण पेरणीला गाणं म्हटल्याशिवाय राहिला नाही.”

ते वाक्य घेऊन मी बेलापूरपर्यंत चालले. मला बायबलातलं पेरणीवरचं ते स्तोत्र आठवत होतं, रडत बी घेऊन जाणाऱ्यांचं आणि हर्षानं पेंढ्या घेऊन येणाऱ्यांचं. ते यरुशलेमला चालत जाणाऱ्यांनी वाटेत म्हणायच्या पंधरा स्तोत्रांतलं एक आहे. म्हणजे ते वारकऱ्यांचंच गाणं. पोचल्यावरचं नव्हे, वाटेतलं. इतकी वर्षं मी ते घरात बसून वाचत होते, म्हणून बहुधा मला त्यात फक्त रडणं दिसत होतं.

प्रवरेच्या काठी, बेलापूरला दुसरा मुक्काम. रात्री फादरांनी मरियेच्या जन्माविषयी सांगितलं. शुभवर्तमानात तिच्या आईवडिलांचा उल्लेख नाही, पण चर्चच्या जुन्या परंपरेत योवाकीम आणि हन्ना हे म्हातारपणापर्यंत निपुत्रिक जोडपं होतं. लोक त्यांना बोलायचे. मग त्यांच्या पोटी मरिया आली. मी चौथ्या वर्षी या यात्रेला निघाले होते आणि माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं, की ज्या जन्माचा हा उत्सव तो जन्मच उशिरा आलेल्या लेकराचा आहे! आणि तीच मरिया पुढे डोंगराळ भागात शंभराहून जास्त किलोमीटर दूर असलेल्या तिच्या नात्यातल्या अलीशिबेला भेटायला लगबगीनं गेली. तिथे तिनं स्तुतिगीत म्हटलं. बाळ अजून जन्मायचं होतं, जिच्याशी लग्न ठरलं होतं त्या योसेफाच्या मनातला प्रश्न सुटायचा होता, सगळं व्हायचंच होतं. आणि ती गात होती.

त्या रात्री ह्यांनी मला हलक्या आवाजात विचारलं, “आपण दोन वर्षांच्या आतलंच बाळ का मागतोय गं?” अहवाल नव्यानं करताना आम्ही वयाची पसंती तशीच ठेवली होती. मला उत्तर देता येईना. दिंडीत एक चार वर्षांची पोरगी होती, बापाच्या खांद्यावर बसून टाळ वाजवणारी, तो चुकीच्या ठिकाणी वाजवायची आणि स्वतःच हसायची. मी दिवसभर तिच्याकडे बघत होते आणि एकदाही मला हेवा वाटला नव्हता. नुसता आनंद होत होता. बायबलात प्रेषित पौलानं रोमकरांना लिहिताना दत्तकपणाची वाट पाहण्याविषयी लिहिलंय, तेही कण्हत वाट पाहण्याविषयी. मी ते नेहमी माझ्या बाजूनं वाचलं. पण तिथे आपण वाट पाहणारं लेकरू आहोत, घरी नेलं जाण्याची वाट पाहणारं. त्या अंधारात मला पहिल्यांदा वाटलं, आमचं मूल कदाचित कधीचंच जन्माला आलंय. पाच वर्षांचं असेल. कुठल्या तरी संस्थेच्या दारात बसून तेही वाट बघत असेल, आणि आम्ही इकडे पाळणा पुसत बसलोय.

आम्ही दोघं रडलो. पण ते रडणं वेगळं होतं, त्यात हलकं झाल्यासारखं वाटत होतं. पहाटे ह्यांनी ढोलकी वाजवणाऱ्याकडून ढोलकी मागून घेतली. लग्नात वाजवली होती, त्यानंतर आत्ताच.

श्रीरामपुरातून हरेगावचा शेवटचा टप्पा दहा किलोमीटरचा, पण तो संपूच नये असं वाटत होतं. चारी बाजूंनी दिंड्या येत होत्या. कुणाच्या हातात लेकरू, कुणाच्या हातात म्हाताऱ्या आईची काठी, कुणी अनवाणी. चर्चचा परिसर दिसला तेव्हा आमच्या पोरांनी क्रूस उंच केला आणि भजनाची लय वाढली. मिस्सा उघड्या मैदानात होती. चिखल होता, वरून ऊन होतं, आणि हजारो आवाज ‘मतमाउली’ म्हणत होते. मी दरवर्षी मेणबत्ती लावून एकच वाक्य म्हणायचे, “एक बाळ दे.” यंदा मेणबत्ती हातात धरून मी बराच वेळ गप्प उभी राहिले आणि मग म्हटलं, “ते जिथे असेल तिथे रात्री त्याला कुणीतरी जवळ घेऊ दे.” दुसरं काही मागावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी मंडपाच्या कडेला मावशी सुईदोरा घेऊन बसल्या होत्या. गोधडी मांडीवर, चौथ्या वर्षाची पट्टी निळी, अजून अर्धी जोडलेली. मला बघून त्यांनी दोरा दातानं तोडला.

“औंदा केवढी करू गं पोरी?”

मी उभ्यानंच हातानं दाखवलं, जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत, आणि त्यांच्याजवळ खाली बसले. “पाचसहा वर्षांचं पोर पाय ताणून झोपलं तर पुरेल एवढी.”

मावशींनी माझ्याकडे बघितलं, मग गोधडीकडे. “मंग लुगडं पुरायचं न्हाई,” म्हणाल्या, आणि स्वतःच्या पदराचं टोक हातात घेऊन त्याचा रंग त्या निळ्या पट्टीशी जुळतो का ते बघू लागल्या.